शिवा, तुला सरळ नाही म्हणायचं राहिलं

शिवा,

तुला तुमच्या शेतात मातीत ठेवत होते, तेव्हा बांधावर माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी मला विचारलं, "तुमी कोन त्यांच्या?"

बहीण नाही, भावजय नाही, पाहुणी नाही. 'मैत्रीण' म्हणाले असते तर मैंदर्गीच्या त्या बांधावर त्या शब्दाला काय काय चिकटलं असतं ते तुला ठाऊक आहे. मी म्हणाले, "कॉलेजात एकत्र होतो."

"हां, क्लासमेट," त्या म्हणाल्या आणि पदर सारखा करून पुन्हा पुढे बघायला लागल्या. त्यांचं काम झालं होतं.

पुढच्या रांगेत तुझी अव्वा होती. आमची नजरानजर झाली आणि अव्वांनी तोंड फिरवलं. पोटच्या पोराला माती देताना सुद्धा त्यांना माझ्यावरचा राग बाजूला ठेवता आला नाही. मला वाईट वाटायला हवं होतं, पण आधी लाज वाटली. कारण तो राग मीच पेरला होता, वीस वर्षांपूर्वी, एका खोट्या वाक्यानं.

आज तुला जाऊन बारा दिवस झाले. घरात माझा पाय ठरत नाही. सहावीच्या वह्या तपासायला घेते आणि एकाच पानावर दोनदा सही करते. दूध गॅसवर ठेवून गॅलरीत जाते. सुधीर म्हणतो, "जरा बस की गं शांत." तो नवरा म्हणून चांगला आहे, तुलाही आवडायचा. पण त्याला कसं सांगू की बसलं की तुझा शेवटचा फोन ऐकू येतो?

जाण्याच्या तीन आठवडे आधीचा फोन. टेंभुर्णीच्या दुकानातून बोलत होतास, मागे कुणीतरी ट्रॅक्टरचा फिल्टर मागत होतं.

"वर्षे, एकदा मैंदर्गीला जाऊन ये. अव्वाशी बोल."

"काय बोलू?"

"तुला म्हाईत हाय."

"वीस वर्षांनी काय उकरून काढतोयस, शिवा? माझी परीक्षा चाललीय."

"तुजी कसली परीक्षा? पोरांची हाय की."

मी चिडून फोन ठेवला. तू परत केला नाहीस, मीही नाही. आणि एका दुपारी त्याच दुकानात, हातात चहाचा ग्लास असताना, तू खाली बसलास तो उठलाच नाहीस. बाकीचं सगळ्यांनी लिहून झालंय, तुझा फोटो लावून. मला ते लिहायचं नाही. मला तुझ्याशी भांडायचंय, आणि भांडण अर्ध्यात टाकून तू गेलास.

म्हणून सुरुवातीपासून सांगते. तुला सगळं माहीत आहे, पण हा किस्सा नेहमी तूच सांगायचास, आणि तुझ्या किश्श्यात मी कायम बरी दिसायचे. आज माझ्या बाजूनं ऐक.

अकरावी सायन्स. तू मैंदर्गीहून शहरात आलेला, भवानी पेठेत मामांकडे राहायचास. मामांचं चादरी-टॉवेलचं दुकान ज्या गल्लीत, त्याच गल्लीत आमच्या भाड्याच्या दोन खोल्या. तू सातवीपर्यंत कन्नड शाळेत शिकलेला, त्यामुळे मराठीत 'तो-ती-ते'चा कायम घोळ. तुझ्या तोंडी भिंत 'तो' असायची आणि पंखा 'ती'. वर्ग हसायचा आणि सगळ्यांच्या आधी तू हसायचास.

दिवाळीनंतर तू मला तुझं केमिस्ट्रीचं जर्नल आणून दिलंस. "आकृत्या बघून काढ," म्हणालास. माझ्या आकृत्या केव्हाच झाल्या होत्या, म्हणून मी ते उघडलंही नाही. दुसऱ्या दिवशी तू वर्गात आला नाहीस. मला वाटलं आजारी असशील. जर्नल जमा करायचा शेवटचा दिवस होता, तेव्हा मी उपकार म्हणून माझ्या जर्नलबरोबर तुझंही सरांच्या टेबलावर ठेवून आले.

आत पत्र होतं. ते दिल्यावर तोंड दाखवायची हिंमत नव्हती म्हणून तू दांडी मारली होतीस.

चार दिवसांनी सरांनी जर्नलं परत दिली. तुझ्या जर्नलातून एक चौघडी केलेला कागद खाली पडला आणि मी उचलला. निळ्या शाईचं पत्र, आणि त्यावर सरांची लाल शाई. सर रसायनशास्त्र शिकवायचे, पण अशुद्ध मराठी त्यांना सहन व्हायचं नाही. 'तुझी डोळे बघून माझा झोप उडाला' या ओळीत त्यांनी तीन गोल केले होते. 'माझी मन' खोडून 'माझे मन' केलं होतं. आणि सगळ्यात खाली शेरा होता: 'आशय स्पष्ट. भाषा कच्ची. वडिलांची सही आणावी.'

मी जिन्यात बसून पोट धरून हसले. तू समोर उभा, कान लाल. "हसू नको की. सही कुनाची आनू आता? अप्पाला कळलं तर मला मैंदर्गीला ऊस तोडायला लावतील."

पप्पांची सही मला येत होती, तशी तुझ्या अप्पांचीही मीच ठोकून दिली. मग विचारलं, "कुणाला लिहिलं होतंस?"

पत्रात नाव नव्हतं. तू माझ्याकडे बघितलंस, मग बुटांकडे. "हाय एक," म्हणालास.

मला कळलं, शिवा. त्याच क्षणी कळलं. पण मी न कळल्यासारखं केलं, आणि वर शहाण्यासारखं तुला समजावून सांगितलं की डोळा पुल्लिंगी, झोप स्त्रीलिंगी, मन नपुंसकलिंगी. तू वही काढून ते लिहून घेतलंस. इतका निर्लज्जपणा मी नंतर आयुष्यात कधी केला नाही. केला, सांगतेच पुढे.

त्या वर्षी आमचं सगळं घर तुझ्या प्रेमात पडलं. मी सोडून. चार दिवसांआड पाणी यायचं, त्या दिवशी तू मामांच्या दुकानातून धावत यायचास आणि आईच्या हातातली घागर घेऊन जिना चढायचास. मैंदर्गीहून येताना अव्वांनी कुटलेली शेंगाचटणी आणि कडक भाकरी आणायचास. पप्पांशी पाटबंधारे खात्यातल्या बदल्यांवर बोलायचास. माझ्या धाकट्या भावाला गणितं घालायचास. आई मला ऐकू जाईल असं म्हणायची, "असा पोरगा दिवा लावून शोधला तरी सापडत न्हाय." मी आतल्या खोलीत पुस्तकात तोंड घालून बसायचे. मला तुझा राग यायचा. तू इतका चांगला का वागतोस, याचा. चांगल्या माणसाला नको म्हणायला काही कारण लागतं, असं मला तेव्हा वाटायचं. आणि माझ्याकडे कारणच नव्हतं. तू आलास की बरं वाटायचं, गेलास की चुकल्यासारखं व्हायचं नाही. बस, एवढंच होतं.

मग जानेवारीत गड्ड्याची जत्रा भरली. आई-पप्पा, भाऊ, तू, मी असे सगळे जत्रेत गेलो. उंच पाळण्यात भाऊ बसायला घाबरला, म्हणून त्याच्या जागी तू माझ्या शेजारी बसलास. तू त्याच्यापेक्षा जास्त घाबरत होतास हे मला पाळणा सुटल्यावर कळलं. दांडी घट्ट धरून, डोळे मिटून, वर पोचल्यावर तू म्हणालास, "वर्षे, ते पत्र तुलाच हुतं."

मी खाली गर्दीत भावाला शोधायला लागले.

"तुझे डोळे बघून माझी झोप उडाली. आता बरोबर हाय का?"

"बरोबर आहे," मी म्हणाले.

"मग?"

खाली सगळी जत्रा चाललेली, पिपाण्या वाजत होत्या, आई-पप्पा बोटाएवढे दिसत होते. आणि मी म्हणाले, "शिवा, कसं शक्य आहे? तुम्ही लिंगायत, आम्ही मराठा. पप्पा जीव घेतील."

पप्पांनी आयुष्यात मुंगीचा जीव घेतला नव्हता. पण ते वाक्य तयार होतं, सगळ्यांच्या घरात असतं तसं. मी ते उचललं आणि तुझ्यासमोर धरलं. म्हणजे मी नाही म्हणायची वेळ टळली. समाजानं नाही म्हटलं, पप्पांनी म्हटलं. मी आपली बिचारी.

नकार दिल्यावर माणूस उठून जातो. आपल्याला उठता येईना. पाळणेवाल्यानं त्या दिवशी कुणाशी पैज लावली होती कोण जाणे, तो पाळणा थांबवेचना. नकारानंतर आपण सात वेळा वर गेलो आणि सात वेळा खाली आलो, खांद्याला खांदा लावून. पुढे कित्येक वर्षं तू चारचौघांत म्हणायचास, "आमचे सात फेरे झाल्यात. निस्ता भटजी खालीच राहिला." सुधीरसमोर सुद्धा म्हणालास. तो हसला आणि मी पाणी आणायच्या निमित्तानं आत गेले.

मला वाटलं विषय संपला. पण जात आड येते म्हटल्यावर तू तीच बाजूला करायला निघालास. बारावीच्या निकालाच्या आठवड्यात आधी मैंदर्गीला जाऊन अव्वांना सांगितलंस. त्या दोन दिवस जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "तुज्या सुकापुढं काय हाय मला." अप्पा त्यांच्या शब्दाबाहेर नव्हते. मग तू आमच्याकडे आलास आणि खुर्चीच्या कडेवर बसून सरळ पप्पांना विचारलंस. अठरा वर्षांचं पोरगं! पप्पांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि म्हणाले, "आधी शिका दोघंबी. नोकरीला लाग. मग या. जातीबितीचं माझं काय नाय."

तू जिना तीन-तीन पायऱ्या उतरून नळावर आलास, मी कळशी भरत होते. "वर्षे! पप्पांची हरकत न्हाय! अव्वाची न्हाय! कुनाचीच न्हाय!"

माझी होती. उरली होती ती फक्त माझीच. कळशी भरून वाहायला लागली तरी माझ्या तोंडून ते निघेना. तुझा चेहरा बघून तर मुळीच निघेना. मी म्हणाले, "माझं दुसऱ्या कुणावर आहे."

"कोन?"

मला वर्गातला सगळ्यात उंच मुलगा आठवला. "प्रशांत," म्हणाले. त्या प्रशांतशी मी दोन वर्षांत एकदा बोलले होते, तेही पट्टी मागायला.

तू नळ बंद केलास. कळशी उचलून वर नेऊन ठेवलीस. आणि आठच दिवसांत, तुझ्या स्वभावाप्रमाणे, प्रशांतला घेऊन किल्ल्याच्या बागेत हजर झालास. मला आधी सांगितलंस, "तुमचं जुळवून देतो, मग मी मोकळा." मी तेव्हा सुद्धा खरं बोलले नाही. खोट्याला चिकटून त्या बाकावर तासभर बसले आणि प्रशांतनं मला त्याच्या कबुतरांबद्दल सांगितलं. कुठलं कबुतर किती लांबून परत येतं, कुणाला कसला दाणा लागतो. मी मान हलवत होते. तू पलीकडच्या बाकावर पाठ करून बसला होतास आणि तुझे खांदे हलत होते. मला वाटलं तू रडतोयस. तो तास मी वीस वर्षं विसरले नाही.

अव्वांना तू काय सांगितलंस, ते मला तुझ्या लग्नात कळलं. मी अक्षता टाकून वळले, तर अव्वा शेजारणीला सांगत होत्या, "हीच ती. आमची जात नडली हिला." तू नंतर म्हणालास, "दुसरा कोन हाय म्हनून सांगितलं असतं तर तुझं नाव गावभर झालं असतं. जातीचं सांगितलं की मानसं लगेच गप बसत्यात. त्यांना पटतंय ते."

मी तेव्हाच अव्वांकडे जायला हवं होतं. तू कधी मागे लागला नाहीस. उलट आमचंच करत राहिलास. पप्पा शेवटचे दोन महिने अंथरुणावर होते, तेव्हा दर रविवारी टेंभुर्णीहून येऊन त्यांची दाढी करायचास. माझ्या भावाच्या हातून ते करून घ्यायचे नाहीत. "शिवानंद येईल," म्हणायचे आणि गाल वाढलेले ठेवायचे. तुला एकदा विचारलं, तुझं दुकान, संसार सोडून हे का करतोस? तू म्हणालास, "मला त्यांनी हो म्हनलं हुतं की." हसत म्हणालास. मी तेव्हाही हसले.

पाचव्या दिवशी गौरीचा फोन आला. तुझ्या बायकोचं मला नेहमी कौतुक वाटायचं, तिला आपलं सगळं माहीत असूनही ती मला 'वर्षाताई' म्हणते. मी रडत होते. रडता रडता तिला म्हणाले, "गौरी, मी त्याच्याशी दोनदा खोटं बोलले गं. जातीचं खोटं होतं आणि प्रशांतचंही."

मग ती म्हणाली, "त्यांना माहिती होतं, ताई."

"काय माहिती होतं?"

"दोन्ही. पाळण्यात एक डोळा उघडा होता म्हणायचे. जातीला भ्यायलेल्या पोरीचं तोंड तसं नसतं म्हणायचे."

"मग पप्पांना कशाला विचारलं त्यानं?"

"मीपण विचारलं होतं. म्हणाले, अठरा वर्षांचा होतो. आपल्याला कळलंय ते चुकीचं निघेल असं वाटायचं."

"आणि प्रशांत?"

गौरी हसली, शिवा. तू जाऊन पाच दिवस झालेले आणि ती फोनवर हसली. "ते तर मुद्दाम केलं. तुम्ही कंटाळून खरं बोलाल म्हणून. पण तुम्ही तासभर कबुतरं ऐकलीत. ते हसून हसून बाकावरून पडायचे बाकी होते."

म्हणजे तू रडत नव्हतास. मी फोन ठेवला आणि आधी इतका राग आला की हातातली वही भिंतीवर फेकली. वीस वर्षं, शिवा! वीस वर्षं मी तुझ्या हलणाऱ्या खांद्यांचं ओझं वागवलं, आणि तू एका शब्दानं सांगितलं नाहीस. मला मोकळं करणं तुझ्या हातात होतं. का नाही केलंस? मी स्वतः येऊन सांगेन याची वाट बघत होतास? त्या शेवटच्या फोनवर सुद्धा 'तुला म्हाईत हाय' म्हणालास, 'मला म्हाईत हाय' का नाही म्हणालास? हे भांडण आता मी कुणाशी करू?

मग वाटलं, नाही, हे भांडण तुझ्याशी नाहीच. काल सकाळी अक्कलकोटची एसटी धरली आणि तिथून मैंदर्गीला गेले.

अव्वा सोप्यात घोंगडीवर बसल्या होत्या, कपाळाला विभूती, मांडीवर रिकामे हात. गौरीनं मला पाणी दिलं आणि आत गेली नाही, दाराशी थांबली. मी उभ्या उभ्याच बोलले. बसायला कुणी सांगितलं नव्हतं.

"अव्वा, जातीचं काही नव्हतं. पप्पांचं नव्हतं, तुमचं नव्हतं. शिवा मला तसा आवडत नव्हता. मला ते सांगता आलं नाही म्हणून मी जातीचं नाव घेतलं. त्याला ते माहीत होतं. माझं नाव राहावं म्हणून तो तुमच्यापाशी गप्प राहिला."

अव्वा बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. वीस वर्षांत पहिल्यांदाच इतका वेळ. मग म्हणाल्या, "मला माज्या लग्नात कुनी इचारलं न्हाय. आमच्यात नको म्हनायला 'बेड' म्हनत्यात. तो शबुद माज्या तोंडात आला हुता, तसाच गिळला. तुला तर माज्या पोरानं तोंडानं इचारलं की गं. आन तू जातीवर ढकललंस?"

"चुकलं, अव्वा."

"व्हय. चुकलं." त्यांनी माझी समजूत काढली नाही, आणि मला ते बरं वाटलं. त्या पदरानं डोळे पुसत राहिल्या. गौरीही रडत होती. मग अव्वांनी एकदम मान वर केली आणि विचारलं, अगदी खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं, "एवडा चांगला हुता गं माजा शिवा. का आवडला न्हाय तुला?"

मी शोधलं, शिवा. तिथं उभं राहून मनापासून शोधलं. त्या माऊलीला द्यायला एखादं कारण मिळावं म्हणून सगळं धुंडाळलं. तुझं बोलणं, चालणं, हसणं, सगळं आठवलं. कशातच खोट निघेना.

"मला माहीत नाही, अव्वा," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. "असतंय तसं," म्हणाल्या, आणि गौरीला कन्नडमध्ये ताट वाढायला सांगितलं.

माझा राग अजून गेलेला नाही. तुझ्यावरचा थोडा, माझ्यावरचा बराच. पण तू विचारलं होतंस, आणि उत्तर अजून तुला मिळालेलं नाही. तर ऐक. नाही, शिवा. मला तू तसा आवडला नाहीस. अठरा वर्षांची असताना नाही आणि आजही नाही. आणि तुझ्याशिवाय मला घरात बसवत नाही. ह्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि यावेळी त्या मी स्वतः म्हणतेय, कुणाच्या आडून नाही.